पाळीव सापांसाठी घरी उंदरांची पैदास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉल पायथन, कॉर्न स्नेक यांसारखे परदेशी साप कायदेशीररीत्या पाळणाऱ्या आणि त्यांच्या खाद्यासाठी घरीच उंदीर वाढवावेत का, या विचारात असलेल्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उंदीर अखेरीस सापाच्या पोटात जाणार असला, तरी तोपर्यंतचे त्याचे संपूर्ण आयुष्य पाळणाऱ्याच्या हाती असते आणि त्या आयुष्याची जबाबदारी सापाच्या जबाबदारीइतकीच खरी असते, असे माझे ठाम मत आहे. पुढील उत्तरे त्याच भूमिकेतून लिहिली आहेत.

माझ्याकडे एकच साप आहे. मी घरी उंदीर वाढवावेत का?

बहुतेक वेळा माझे उत्तर "नको" असे असते आणि त्यामागे साधा हिशेब आहे. सुमारे दीड किलो वजनाच्या, पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन ते तीन आठवड्यांतून एकदा 80 ते 100 ग्रॅमचा एक उंदीर पुरतो, म्हणजे वर्षाला साधारण 20 उंदीर लागतात. त्यातही हा साप हिवाळ्यात कित्येक आठवडे, कधी काही महिने, अन्नाला तोंड लावत नाही. याउलट उंदराची एक मादी एका वेतात सरासरी 8 ते 12 पिल्ले देते. तिला पुरेशी विश्रांती देऊन वर्षात चार वेते घेतली, तरी एकाच मादीपासून 40 पिल्ले होतात, आणि एकटी मादी ठेवणे योग्य नसल्यामुळे किमान दोन माद्या ठेवाव्या लागतात. म्हणजे 20 उंदरांची गरज भागवायला आपण 80 उंदीर जन्माला घालतो. उरलेल्या 60 जिवांचे काय करायचे, याचे उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याने पैदाशीच्या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर गोठवलेले उंदीर वजनानुसार दुकानात मिळतात. त्यांना एक-दोन सापांसाठी हा खटाटोप करण्याचे कारणच नाही. भारतात ज्यांच्या शहरात असा नियमित पुरवठा नाही, आणि ज्यांच्याकडे पाच-सहा किंवा त्याहून अधिक साप आहेत, त्यांच्यासाठी मात्र घरची पैदास उपयोगी ठरते. हिशेब नेहमी सापापासून मागे करावा : वर्षाला किती उंदीर लागतील, कोणत्या आकाराचे लागतील, आणि त्यासाठी किती वेते पुरतील. माद्यांची संख्या त्यातून ठरते.

भारतात हे कायदेशीर आहे का?

प्रयोगशाळेतील वंशाचे पांढरे किंवा रंगीत उंदीर घरी पाळण्यात अडचण नसते. अडचण असते ती सापाची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार नाग, धामण, दिवड, अजगर, कवड्या असा कोणताही देशी साप घरात पाळता येत नाही, मग तो विषारी असो वा बिनविषारी. बॉल पायथन ही आफ्रिकेतील जाती असून ती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 मधील दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्रजातींसाठी अधिनियमात चौथी अनुसूची आली आणि 2024 च्या नियमांप्रमाणे त्या प्राण्यांची नोंदणी परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले. आपल्या सापाची अशी नोंदणी नसेल, तर उंदरांचा विचार बाजूला ठेवून आधी ते काम करावे.

उंदरांच्या बाबतीत प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम लक्षात ठेवावा. निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य करणे हा त्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पाहुण्यांना बोलावून सापापुढे जिवंत उंदीर सोडणे आणि त्याचे चित्रीकरण करणे, हे प्रकार माझ्या मते याच कलमाच्या अगदी जवळ जातात.

मी सर्पमित्र आहे. पकडलेल्या धामणीला खाऊ घालण्यासाठी उंदीर वाढवू शकतो का?

पकडलेला साप वन विभागाला कळवून शक्य तितक्या लवकर योग्य अधिवासात सोडायचा असतो. काही दिवस न खाल्ल्याने निरोगी धामणीचे काही बिघडत नाही. उलट बंदिस्त जागेतील ताणामुळे ती खाल्लेले ओकून टाकण्याचीच शक्यता अधिक. जखमी साप असेल, तर त्याचा आहार उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाने आणि वन विभागाच्या केंद्राने ठरवायचा आहे.

मोठे उंदीर वाढवावेत की छोटे?

मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, पण बाजारात "रॅट" आणि "माइस" असे दोन वेगळे प्राणी मिळतात. पूर्ण वाढलेला माऊस 25 ते 40 ग्रॅमचा असतो, तर रॅटची मादी 250 ते 300 ग्रॅमची आणि नर 400 ग्रॅमच्या पुढे जातो. कॉर्न स्नेक आयुष्यभर माइसवर राहू शकतो. बॉल पायथन मात्र वर्षभरातच माइसच्या आकाराबाहेर जातो, आणि एकदा माइसच्या वासाची सवय झाली की तो रॅटला तोंड लावेनासा होतो. म्हणून त्याला लहानपणापासूनच रॅटच्या पिल्लांवर आणलेले बरे. रॅट स्वभावाने शांत असतात, त्यांच्या मूत्राला माइसच्या मूत्राइतका उग्र दर्प नसतो आणि हाताळणीची सवय असेल तर ते क्वचितच चावतात. पुढील सर्व उत्तरे रॅटविषयी आहेत.

सुरुवातीची जोडी कोठून आणावी? घरात पकडलेले उंदीर चालतील का?

घरात, गोदामात किंवा शेतात पकडलेला उंदीर कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. त्याच्या पोटात उंदीरनाशक असू शकते. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर मरण्यापूर्वी काही दिवस हिंडत असतो आणि त्याला गिळणाऱ्या सापालाही ते बाधू शकते. शिवाय त्याच्यापासून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, आणि 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने या रोगाचा जो अनुभव घेतला तो आठवला, तर या विषयात धाडस करण्याची इच्छा कोणाला होणार नाही.

जोडी अशा व्यक्तीकडून घ्यावी, जी आपले पिंजरे दाखवायला तयार असते. उंदीर हातात घेऊन कानाजवळ धरावा. श्वासाबरोबर घरघर किंवा टकटक ऐकू आली, तर त्या घरातील एकही उंदीर घेऊ नये. नवे उंदीर किमान तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावेत. ही काळजी अनाठायी वाटत असेल, तर 2017 मधील अमेरिकेतील प्रसंग पाहावा. इलिनॉय आणि विस्कॉन्सिन या राज्यांत घरी उंदीर वाढवणाऱ्यांपासून सोल या, उंदरांतून माणसात येणाऱ्या विषाणूचा संसर्ग उघडकीस आला आणि उंदरांच्या देवघेवीतून तो 11 राज्यांतील पैदासकारांपर्यंत पोहोचल्याचे तपासात दिसले. बाधित उंदीर बाहेरून पूर्णपणे निरोगी दिसत होते.

पिंजरा केवढा असावा?

युरोपीय संघाच्या प्रयोगशाळांसाठीच्या नियमांत पिल्लांसह एका मादीला किमान 800 चौरस सेंटिमीटर जागा आणि 18 सेंटिमीटर उंची सांगितली आहे. हे किमान मोजमाप आहे आणि मला ते अपुरे वाटते, कारण मोठा उंदीर मागच्या पायांवर सरळ उभा राहिला की त्याचे डोके 18 सेंटिमीटरच्या वर जाते. एक नर आणि दोन माद्यांसाठी मी साधारण 75 बाय 45 सेंटिमीटरचा आणि 30 सेंटिमीटर उंचीचा टब वापरतो. झाकणाचा मधला भाग कापून तेथे 6 मिलिमीटरची लोखंडी जाळी बसवावी. याहून मोठ्या छिद्रांतून पिल्ले निसटतात. प्लॅस्टिकची कोणतीही कड आतल्या बाजूने उघडी राहू देऊ नये, कारण दात लावायला धार मिळाली की एका रात्रीत भोक पडते.

खाली अंथरण्यासाठी कापलेला कागद किंवा धूळ चाळून काढलेला मक्याच्या कणसांचा भुसा वापरावा. सुतारकामाच्या दुकानातील बारीक भुसा स्वस्त असतो, पण त्याची धूळ फुप्फुसांत जाते, आणि देवदार-पाइनसारख्या सुवासिक लाकडांतील द्रव्ये श्वसनमार्ग व यकृत यांना अपायकारक असतात. प्रत्येक टबात लपायला एक खोके, कुरतडायला लाकडाचा तुकडा आणि घरटे बांधायला कागदाच्या पट्ट्या हव्यातच. उंदीर हा हुशार आणि संगतप्रिय प्राणी आहे. रिकाम्या टबात त्याला ठेवणे ही शिक्षा आहे.

त्यांना काय खाऊ घालावे?

प्रयोगशाळेतील उंदरांसाठी तयार होणारे गोळी-खाद्य मिळत असेल, तर तेच मुख्य अन्न ठेवावे. त्यात प्रथिनांचे प्रमाण साधारण 18 ते 20 टक्के असावे. अंगावर पाजणाऱ्या मादीला त्याहून थोडे अधिक लागते. मोठा उंदीर दिवसाला 15 ते 20 ग्रॅम खातो. गोळी-खाद्य मिळत नसेल, तर गहू, ज्वारी, मका, शिजवलेली डाळ, सोयाबीनचे वडे आणि थोडे उकडलेले अंडे असे मिश्रण करता येते, परंतु त्यात एक अडचण आहे : उंदीर आवडीचे दाणे निवडून खातात आणि आहार असंतुलित होतो. कच्चा राजमा देऊ नये. शेंगदाण्याची पेंड आणि दमट जागी ठेवलेला मका यांविषयी विशेष सावध राहावे, कारण त्यांवर येणाऱ्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन उंदराच्या यकृताला घातक असते. कोकणातील पावसाळ्यात धान्य घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावे.

पाण्याविषयी एक कडवट अनुभव सांगतो. पहिल्याच वर्षी एका टबाच्या बाटलीच्या नळीतील, पाणी थेंबाथेंबाने सोडणारी धातूची गोळी अडकली. बाटली भरलेली दिसत होती, म्हणून दोन दिवस माझ्या लक्षात आले नाही. तहानेने व्याकूळ झालेल्या मादीने तीन दिवसांची सर्व पिल्ले खाल्ली. दोष तिचा नव्हता. तेव्हापासून प्रत्येक टबाला दोन बाटल्या आहेत, आणि रोज सकाळी प्रत्येक नळीला बोट लावून थेंब येतो का, हे पाहिल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

माद्यांना नर कधी द्यावा, आणि वेत कसे सांभाळावे?

मादी पाच ते सहा आठवड्यांतच माजावर येऊ शकते, परंतु त्या वयात तिला गाभण राहू देणे क्रूरपणाचे आहे. तीन ते चार महिन्यांची आणि सुमारे 250 ग्रॅमची होईपर्यंत थांबावे. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, त्यामुळे नर दहा दिवस सोबत राहिला की काम होते. गाभणकाळ 21 ते 23 दिवसांचा असतो. पोट स्पष्ट दिसू लागले, म्हणजे साधारण सोळाव्या-सतराव्या दिवशी, तिला वेगळ्या टबात हलवावे.

नर दूर करण्यामागे महत्त्वाचे कारण आहे. व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. नर जवळ असेल तर ती अंगावर पिल्ले पाजत असतानाच पुन्हा गाभण राहते. व्यापारी पैदाशीत हे मुद्दाम केले जाते. त्यातून पिल्लांची संख्या वाढते हे खरे, पण मादी काही महिन्यांतच खंगते, पुढची पिल्ले हलक्या वजनाची निपजतात आणि त्यांत मरतुकही वाढते. दोन वेतांमध्ये, पिल्लांचे दूध तोडल्यानंतर, किमान तीन-चार आठवड्यांची विश्रांती द्यावी आणि वर्ष-सव्वा वर्षाच्या वयानंतर मादीकडून वेत घेऊ नये.

जन्मलेले पिल्लू 5 ते 7 ग्रॅमचे, गुलाबी आणि डोळे मिटलेले असते. पहिले दोन-तीन दिवस टबात हात घालू नये. अन्नपाणी बदलण्यापुरते झाकण उघडावे. मादीला 12 सड असतात, त्यामुळे पंधरा-सोळा पिल्ले झाली तर काही मागे पडतात. दोन माद्या एकाच सुमारास व्याल्या असतील तर त्या एकत्र राहून एकमेकींची पिल्ले पाजतात, आणि ही व्यवस्था मला सर्वांत चांगली वाटते. आठवड्याभरात लव येते, दोन आठवड्यांच्या सुमारास डोळे उघडतात आणि 21 ते 28 दिवसांत दूध तुटते. पाच आठवडे पूर्ण होण्यापूर्वी नर-माद्या वेगळ्या केल्याच पाहिजेत. नराच्या मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतील अंतर मादीपेक्षा जवळजवळ दुप्पट असते, आणि दहाव्या दिवसाच्या आसपास माद्यांच्या पोटावर सडांचे ठिपके दिसतात. ओळख पटवण्याची सर्वांत सोपी वेळ तीच.

प्रत्येक टबावर जन्मतारीख, आई-बाप आणि पिल्लांची संख्या लिहिलेली चिठ्ठी असावी. नोंद नसेल तर दोन-तीन पिढ्यांत सगळे उंदीर एकमेकांचे भाऊबंद होतात आणि ते कळतही नाही.

उन्हाळ्यात काय करावे?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. उंदराला माणसासारखा घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो. त्याला 20 ते 24 अंश तापमान मानवते, 30 च्या पुढे तो त्रासतो, उष्णता टिकून राहिली तर नराची प्रजननक्षमता घटते आणि उष्माघाताने मृत्यूही येतो. नागपूर, अकोला, परभणी अशा ठिकाणी एप्रिल-मेमध्ये थंड खोलीची सोय नसेल, तर त्या दोन महिन्यांत वेत घेऊच नये. गरजेचे उंदीर मार्चपूर्वीच गोठवून ठेवावेत. केवळ पंखा लावून भागत नाही. गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून टबात ठेवावी आणि ती दुपारी बदलावी. वाळ्याचे पडदे आणि कूलर यांचा चांगला उपयोग होतो, मात्र कोकण-मुंबईच्या दमट हवेत कूलर उलट त्रासदायक ठरतो. हवा फार कोरडी असेल, तर पिल्लांच्या शेपटीवर आवळल्यासारखी वलये पडून शेपटीचा भाग झडतो. विदर्भात हे लक्षात ठेवावे.

वास येतो, शेजारी तक्रार करतात.

वास येणे याचा अर्थ उंदरांनाही त्रास होत आहे. मूत्रातून सुटणारा अमोनिया त्यांच्या श्वसनमार्गाला इजा करतो आणि मायकोप्लाझ्मा या श्वसनरोगाच्या जंतूचा सुप्त संसर्ग त्यामुळे बळावतो. नाका-डोळ्यांभोवती लालसर डाग दिसले तर ते बहुधा रक्त नसते. ताण किंवा आजार असताना डोळ्यांमागील ग्रंथीतून पाझरणारे ते रंगद्रव्य असते. टब आठवड्यातून दोनदा साफ करावेत, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि टबांची संख्या तेवढीच ठेवावी, जेवढी आपण आजारी असतानाही साफ करू शकू.

उंदीर कमीत कमी वेदना देऊन मारण्याची पद्धत कोणती?

हे ज्याला करवणार नाही, त्याने पैदास सुरू करू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. त्यात कमीपणा काहीच नाही. ही पद्धत कोणत्याही लेखावरून, या लेखावरूनही, शिकू नये; ती पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. सामान्यतः स्वीकारली जाणारी पद्धत म्हणजे सिलिंडरमधील कार्बन डायऑक्साइड प्रवाहमापकाद्वारे पेटीत हळूहळू सोडणे. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत हा वेग दर मिनिटाला पेटीच्या घनफळाच्या 30 ते 70 टक्के इतका सांगितला आहे. आधीच वायूने भरलेल्या पेटीत जागा उंदीर टाकू नये, कारण त्याला वेदना होतात. दहा दिवसांपेक्षा लहान पिल्ले ऑक्सिजनच्या अभावाला फार काळ तोंड देऊ शकतात, म्हणून त्यांच्यासाठी ही पद्धत एकटी विश्वासार्ह नाही. श्वास आणि हृदयाचे ठोके थांबल्याची खात्री प्रत्येक उंदराच्या बाबतीत करावी. हे काम हवेशीर जागीच करावे. बंद खोलीत हा वायू माणसालाही धोकादायक आहे.

जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये ठेवणे, पाण्यात बुडवणे, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून घरगुती वायू तयार करणे, या सर्व गोष्टी निषिद्ध मानाव्यात.

सापाला जिवंत उंदीर देणे अधिक नैसर्गिक नाही का?

जंगलात उंदराला पळायला वाट असते आणि सापाला माघार घ्यायला जागा असते. काचेच्या पेटीत दोघांनाही ती नसते. साप भुकेला नसेल तर कोपऱ्यात सापडलेला उंदीर त्यालाच कुरतडतो, आणि अशा चाव्यांनी पाठीचे स्नायू मणक्यापर्यंत उघडे पडलेले साप पशुवैद्यकांकडे येतात. बहुतेक बॉल पायथन आणि जवळजवळ सर्व कॉर्न स्नेक मेलेला, कोमट केलेला उंदीर लांब चिमट्याने हलवून दिला की घेतात. काहींना शिकायला आठवडे लागतात. निरोगी सापाला तेवढा उपवास झेपतो.

गोठवणे आणि वितळवणे कसे करावे?

उंदीर पूर्ण थंड झाल्यावर वजन करून, एकेक वेगळा, हवा काढलेल्या पिशवीत भरावा आणि उणे 18 अंशांवर ठेवावा. पिशवीवर वजन व तारीख लिहावी आणि सहा महिन्यांत वापरून टाकावा. त्यासाठी घरच्या अन्नाचा फ्रीज वापरू नये; लहानसा वेगळा फ्रीज घ्यावा. हा नियम केवळ शाकाहारी घरांसाठी नाही. गोठवलेल्या खाद्य-उंदरांतून माणसांना साल्मोनेलाची बाधा झाल्याचे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सिद्ध झाले आहे, आणि गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत. वितळवण्यासाठी उंदीर आदल्या रात्री त्याच वेगळ्या फ्रीजच्या खालच्या, न गोठवणाऱ्या कप्प्यात ठेवावा आणि देण्यापूर्वी पिशवीसह सुमारे 40 अंशांच्या पाण्यात कोमट करावा. मायक्रोवेव्ह वापरू नये. दीर्घ भारनियमनात पूर्ण वितळलेले उंदीर पुन्हा गोठवू नयेत. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना या सगळ्यापासून दूर ठेवावे.

सापाला योग्य आकार कसा ठरवावा?

उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित कमी असावी. वाढत्या बॉल पायथनला त्याच्या वजनाच्या साधारण 10 टक्के अन्न आठवड्याला एकदा पुरते. मोठ्या सापाला 5 ते 7 टक्के पुरते आणि अंतरही वाढवावे. पाळीव सापांत उपासमारीपेक्षा लठ्ठपणाच अधिक दिसतो.

घरातील वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. गणपतीचे वाहन मारायचे कसे, असे ते विचारतात.

त्यांचा प्रश्न गंभीरपणे घ्यावा. माझ्या आईनेही तो विचारला होता आणि तिला पटेल असे उत्तर मला आजही देता आलेले नाही. साप मांसाहारी आहे, त्याला दुसरे अन्न नाही, आणि त्याला घरात आणण्याचा निर्णय माझा होता, एवढेच मी तिला सांगितले. उंदरांची खोली तिच्या देवघरापासून दूर, वरच्या मजल्यावर आहे, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत मी एकही उंदीर मारत नाही. त्या आठवड्यांचे अन्न आधीच गोठवलेले असते. घरात सर्वांची संमती मिळेपर्यंत थांबणे शक्य असेल, तर थांबावे.

उंदीर जास्त झाले तर? बाहेर सोडून द्यावेत का?

बाहेर सोडू नयेत. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला पांढरा उंदीर बाहेर कावळ्या-मांजरांपुढे काही तासही टिकेल याची खात्री नसते, आणि टिकलाच तर तो वस्तीतील उंदरांत मिसळतो. संख्या वाढू लागताच नर-माद्या वेगळ्या ठेवून पुढची वेते थांबवावीत. नोंदणीकृत साप पाळणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीला जादा उंदीर देता येतात, पण देताना त्या घरी ते कसे ठेवले जातील आणि कसे मारले जातील, हे विचारून घ्यावे. निवृत्त झालेल्या माद्यांपैकी शांत स्वभावाच्या दोघी-तिघी मी नेहमी मागे ठेवतो. उंदीर दोन ते तीन वर्षे जगतो. त्यांची उरलेली वर्षे त्या खिडकीजवळच्या मोठ्या पिंजऱ्यात काढतात, आणि त्यांच्या पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर मी वजन लिहीत नाही.